अर्धं घर तुमचं आहे, तिथून सुरुवात करा

वाचकाचं पत्र

मी 67 वर्षांची, हे 73 वर्षांचे. ह्यांचा चिंचवडला सोसायटीत फ्लॅट आहे, 1994 साली घेतलेला. करारावर आधी ह्यांचं नाव आणि मग माझं. कर्ज ह्यांच्या पगारातून फिटलं, पण सुरुवातीचे पैसे भरताना माझ्या पाटल्या मोडल्या होत्या. सासूबाई 91 वर्षांच्या आहेत, आमच्याजवळच असतात. मुलगा कॅनडात आहे, त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. मुलगी दहा मिनिटांवर राहते. दवाखाना, बँक, सासूबाईंचं सगळं तीच बघते.

मुलगा डिसेंबरमध्ये येतोय. त्याचं म्हणणं, "बाबा, फ्लॅट आत्ताच माझ्या नावावर बक्षीसपत्र करून द्या, 200 रुपये स्टँप लागतो, पुढची कोर्टकचेरी वाचेल." त्याच्या बहिणीकडूनही 500 च्या स्टँपपेपरवर "मला हिस्सा नको" असं लिहून घेऊ म्हणतो. सोसायटीत नॉमिनी तोच आहे, शेजारचे म्हणतात नॉमिनी म्हणजे मालकच. इमारत रीडेव्हलपमेंटला जायची बोलणीही चालू आहेत. पाटण तालुक्यात सासऱ्यांची थोडी जमीन आणि घर आहे. सासरे 1988 ला गेले, सातबाऱ्यावर मोठ्या दिरांचं नाव होतं, तेही 2021 मध्ये वारले. एक धाकटे दीर आणि एक नणंद आहेत. मृत्युपत्राचा विषय काढला की हे चिडतात, "मी अजून मेलो नाही" म्हणतात. मुलगी काही बोलत नाही. आम्ही काय करावं?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही "ह्यांचा फ्लॅट" लिहिलंय, ते आधी मनातून काढून टाका. करारावर नाव दुसरं असलं म्हणून मालकी दुय्यम होत नाही. दोघांनी मिळून घेतलेल्या घरात कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 दोघांचा हिस्सा सारखा धरतं. पुरावा असेल तर हिस्सा पैशांच्या प्रमाणात ठरू शकतो, आणि भांडणात नेमकं हेच उकरून काढलं जातं: "आईने कुठे पैसे घातले? हप्ते तर बाबांनीच भरले." पाटल्या मोडल्याची सराफाची पावती असेल तर ती करारनाम्यासोबत ठेवा. नसेल तरी हरकत नाही. ह्यांच्या मृत्युपत्रात एक वाक्य घातलं तरी पुष्कळ काम होतं: "सदर सदनिकेत माझा व माझ्या पत्नीचा निम्मा-निम्मा हिस्सा आहे व तिने खरेदीवेळी स्वतःचं स्त्रीधन घातलं आहे."

दुसऱ्या नावाबद्दल उलटा गैरसमजही सर्रास आढळतो, की नवरा गेला की त्याचा हिस्सा आपोआप बायकोकडे येतो. तसं होत नाही. तुमचा निम्मा तुमचाच राहतो, पण ह्यांचा निम्मा त्यांच्या वारसांकडे जातो.

मग वारस कोण? मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा, मुलगी आणि सासूबाई असे चौघं, चौघांचा हिस्सा सारखा. मुलाची आई ही पहिल्या वर्गातली वारस असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. ह्यांच्या निम्म्याचे चार भाग झाले की प्रत्येकाला अख्ख्या घराचा आठवा भाग येतो. तुमच्याकडे एकूण पाच अष्टमांश, उरलेले तीन अष्टमांश तिघांचे. पुढचं नीट वाचा. सासूबाई नंतर मृत्युपत्राविना गेल्या, तर त्यांचा आठवा भाग त्यांच्या मुलामुलींकडे जातो: धाकटे दीर, नणंद, वारलेल्या मोठ्या दिरांची मुलं आणि ह्यांच्या वाट्याची म्हणून तुमची दोन मुलं. सून म्हणून तुम्हाला त्यात काही नाही. म्हणजे चिंचवडच्या फ्लॅटमध्ये पुतणे आणि नणंद सहहिस्सेदार. माणसं चांगली असतील, पण बिल्डरच्या करारावर सही करायला त्या सगळ्यांना बोलवावं लागेल. तुमच्या घरातला सगळ्यात मोठा धोका मला हाच दिसतो, आणि मुलाने सुचवलेल्या कशातही त्याचा विचार नाही. दोन पानांच्या मृत्युपत्राने तो टळतो.

आता नॉमिनीबद्दल. शेजारचे सांगतात ते चूक आहे. विम्याच्या तेव्हाच्या कायद्यावरून सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितलं की नॉमिनी पैसे स्वीकारणारा असतो, मालक वारसच; विम्यापुरता तो नियम 2015 मध्ये जवळच्या नातेवाइकांसाठी बदलला. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा तेच सांगितलं. हाउसिंग सोसायट्यांसाठी तर आपल्या राज्याच्या सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली नवं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम 154ब-13 प्रमाणे सभासद वारल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, आणि मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा वारसांनी आपसात केलेली कौटुंबिक व्यवस्था यावरून खरा हक्कदार ठरला की घर त्याच्या नावे होतं. तेव्हा मुलगा नॉमिनी आहे म्हणून घाबरू नका. पण त्याचं नाव बदलून ह्यांनी तुमचं आणि तुम्ही ह्यांचं घाला, हा माझा आग्रह आहे. घरात दुःख असताना सोसायटीच्या ऑफिसात कॅनडातल्या माणसाच्या सहीची वाट बघत बसायला नको. नवा अर्ज भरून द्या आणि पोच घ्या. सेक्रेटरी "नंतर बघू" म्हणाले तर लेखी द्या.

आता बक्षीसपत्र. मुलगा 200 रुपये म्हणतो ते खरं आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक 200 रुपयेच लागतो. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ओसीआय असलेल्या जवळच्या नातेवाइकाला राहतं घर बक्षीस देताही येतं. पण स्वस्त आहे आणि कायद्यात बसतं म्हणून ते तुम्हाला योग्य आहे असं नाही.

नोंदणीकृत बक्षीसपत्र केलं आणि मुलाने स्वीकारलं की ते परत घेता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं. या एका फरकावर माझं सगळं मत उभं आहे. बक्षीसपत्रानंतर त्या घरात तुम्ही मुलाच्या मर्जीने राहता. त्याची नियत साफ असेल, पत्रावरून तो लोभी वाटत नाही, कोर्ट टाळावं हीच त्याची इच्छा दिसते. पण उद्या त्याचा घटस्फोट झाला, धंद्यात कर्ज झालं, किंवा देव न करो, तो तुमच्या आधी गेला, तर तुमच्या घरात सून आणि नातवंडंही मालक होतील आणि सगळा व्यवहार कॅनडातून चालेल. रीडेव्हलपमेंटचा करार त्याच्या नावे, भाड्याचे चेक त्याच्या नावे. उद्या ह्यांना मोठं ऑपरेशन लागलं तर घर तारण ठेवायला त्याची परवानगी. वयाच्या या टप्प्यावर घर हे तुमचं छप्पर आहे आणि अडीनडीचा शेवटचा पैसाही. तो हातचा घालवू नका.

"आई-वडिलांचा कायदा आहे ना?" असं कोणी म्हणेल. आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलाने न सांभाळल्यास प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून परत मिळू शकते. पण ती अट होती हे दाखवावं लागतं. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध न झाल्याने एका आईच्या विरोधात निर्णय दिला. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द केलं, कारण तिथे सांभाळण्याची हमी लिहून दिलेली होती. दोघीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्या वाटेने तुम्हाला जायला लागू नये.

इतकं सगळं वाचूनही हे बक्षीसपत्रच करायचं म्हणाले, तर ते फक्त स्वतःचा निम्मा देऊ शकतात. तुमच्या सहीशिवाय तुमचा निम्मा कुठेही जात नाही. सही करू नका. आणि त्यांच्या निम्म्याच्या दस्तातही दोघांचा आणि सासूबाईंचा तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळण्याची अट स्पष्ट शब्दांत हवी. राहण्याचा हक्क राखून दिलेलं बक्षीस वैध असतं, हे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे.

मुलीच्या स्टँपपेपरचा विषय मात्र मला फार लागला. ती रोज येऊन आजीचं अंथरूण बदलते, आणि तिच्याकडून "मला काही नको" लिहून घ्यायचं? कायद्यानेही या कागदाला किंमत नाही. वडील हयात असताना त्यांनी स्वतः कमावलेल्या घरात मुलाचाही हिस्सा नसतो आणि मुलीचाही नसतो, असते ती फक्त पुढे मिळण्याची आशा. ती आशा कोणाला देता किंवा सोडता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 6 मध्येच लिहिलंय. वारसाहक्क प्रत्यक्ष आल्यावर केलेलं हक्कसोडपत्रसुद्धा नोंदणीकृत लागतं, घरच्या घरी सह्या केलेला कागद चालत नाही. म्हणजे त्या 500 रुपयांत तुम्हाला काहीच मिळणार नाही, फक्त मुलगी दुखावेल. ती बोलत नाही याचा अर्थ तिला काही वाटत नाही असा घेऊ नका. तिला जवळ बसवून विचारा, आणि तेही भाऊ यायच्या आधी.

मग करायचं काय, तर दोन मृत्युपत्रं. एक ह्यांचं, एक तुमचं, वेगवेगळ्या कागदांवर. नवरा-बायकोचं एकत्र मृत्युपत्र करू नका. एक जण गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं की नाही यावर वाद होतात.

ह्यांनी आपला निम्मा तुम्हाला द्यावा, पूर्ण मालकीने. "पत्नीला तहहयात राहण्याचा हक्क, तिच्यानंतर मुलांना" असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती प्रेमापोटीच येते. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 वरून, विधवेला मिळालेला असा मर्यादित हक्क पोटगीच्या हक्कापोटी होता म्हणून पूर्ण मालकीचा झाला की मर्यादितच राहिला, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या तुळसम्मा निकालापासून कोर्टं झगडत आली आहेत. शिवाय तहहयात हक्कावर घर विकून लहान घरात जाता येत नाही. 45 वर्षं संसार केलेल्या बाईवर विश्वास ठेवायला नवऱ्याला हरकत काय? पूर्ण द्यावं. तुमच्यानंतर कोणाला, ते तुम्ही तुमच्या मृत्युपत्रात ठरवा. "पत्नी माझ्या आधी वारल्यास" हे कलम मात्र ह्यांच्या कागदात हवंच, आणि तसंच तुमच्या कागदातही.

सासूबाईंना मालकी देऊ नका, पण त्या हयात असेपर्यंत त्याच घरात राहतील आणि त्यांचा औषधपाण्याचा खर्च त्या घराकडून होईल, हे दोघांच्याही मृत्युपत्रात लिहा. त्यांना ते वाचूनही दाखवा. या वयात "माझं काय होणार" ही धाकधूक मनात असते, माणूस ती बोलून दाखवत नाही.

तुमच्यानंतर मुलांमध्ये किती-किती, हे मी ठरवू शकत नाही. माझं मत विचाराल तर सारखंच वाटायला पाहिजे असं नाही. मुलीने जे केलंय ते वेळ आणि शरीर झिजवून केलंय, तिला जास्त द्यावंसं वाटलं तर त्यात अन्याय नाही. मुलाच्या शिक्षणाला आणि परदेशी जायला खर्च केला असेल तर तोही हिशेबात धरा. फक्त कारण मृत्युपत्रात लिहा. कारण न देता एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला वाटतं बाबांना कोणीतरी भरीला घातलं. कोर्टं मृत्युपत्रात आधी "संशयास्पद परिस्थिती" शोधतात, आणि विनाकारण डावललेला वारस हे त्यातलं ठरलेलं कारण आहे.

रीडेव्हलपमेंटमुळे एक वाक्य फार जपून लिहा. "सदनिका क्रमांक अमुक" एवढंच लिहिलं आणि तुमच्या हयातीत ती इमारत पडून नवी उभी राहिली, तर मृत्युपत्रातली वस्तूच उरली नाही असा मुद्दा निघू शकतो. म्हणून लिहा: "सदर सदनिका, अथवा पुनर्विकासात तिच्या बदल्यात मिळणारी सदनिका, पार्किंग, कॉर्पस रक्कम, भाडे व सोसायटीतील शेअर्स यांसह." हे मी वकिलांच्या हातून आलेल्या मसुद्यांतही गाळलेलं पाहिलं आहे.

बाकी प्रक्रिया सोपी आहे. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्या दोघांनीही सही करायची. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण पुढे कधी कोर्टात गेलंच तर किमान एकाला उभं राहावं लागतं. मुलगा, मुलगी, जावई यांना साक्षीदार करू नका. फॅमिली डॉक्टरांकडून त्याच दिवशी "शुद्धीवर व समजून सही केली" असा दाखला जोडा, 73 व्या वर्षी तो लाख मोलाचा. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे करून घ्या, कागद हरवण्याची आणि "ही सही बाबांची नाही" म्हणण्याची शक्यता कमी होते. अंमलबजावणीसाठी एक एक्झिक्युटर नेमा. इथे मला मुलगी योग्य वाटते, ती इथे आहे आणि कागद कुठे आहेत ते तिला माहीत आहे.

पाटणच्या जमिनीचं थोडक्यात. सातबाऱ्यावर मोठ्या दिरांचं नाव "ए.कु.मॅ." (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून असेल तर ते कुटुंबाचे कर्ते म्हणून होतं, एकट्याचे मालक म्हणून नव्हतं. सासऱ्यांच्या मागे ह्यांचा, भावांचा, नणंदेचा आणि सासूबाईंचा हक्क आहे. आता दिरांची मुलं आपलीच वारस नोंद करून मोकळी होण्याआधी गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, सासऱ्यांच्या सगळ्या वारसांची नोंद घालायचा अर्ज द्या. जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढून बघा, नणंदेचं नाव कधी लागलं होतं का, कमी केलं असेल तर कशाच्या आधारावर, ते त्यातच सापडेल. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा आणि मिळकत पत्रिका झाली असेल तर तीही काढा. फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, तो महसुलासाठी असतो, पण नाव नसेल तर पुढची प्रत्येक पायरी अडते. ह्यांना मृत्युपत्रात लिहिता येईल तो फक्त त्यांचा स्वतःचा हिस्सा. आणि शेतजमीन ओसीआय मुलाला बक्षीस देता येत नाही, वारशाने मिळू शकते.

राहिला ह्यांचा राग. "मी अजून मेलो नाही" म्हणणाऱ्या माणसाशी मृत्यूबद्दल वाद घालू नका. तुमचं मृत्युपत्र तुम्ही आधी करा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. अर्धं घर तुमचं आहे, दागिने तुमचे, बँकेतल्या ठेवी तुमच्या. वकिलांकडे मुलीला घेऊन जा, पण मसुदा सांगताना तिला बाहेर बसवा, म्हणजे पुढे तिच्यावर बोट येणार नाही. नोंदणी झाली की घरी येऊन ह्यांना वाचून दाखवा. बायकोने शांतपणे सगळं लिहून ठेवलेलं पाहिलं की पुष्कळ नवरे दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून वकिलाचा नंबर मागतात.

आणि मुलाला डिसेंबरपर्यंत अंधारात ठेवू नका. फोनवर सांगा की बक्षीसपत्र होणार नाही, ताईकडून सही घेणार नाही, मृत्युपत्रं होत आहेत. तो नाराज होईल, होऊ द्या, पण विमानात बसण्याआधी त्याला माहीत असू दे. आल्यावर त्याला एक काम द्या: वडिलांना आणि धाकट्या काकांना घेऊन पाटणला जाऊन वारस नोंदीचा अर्ज आणि जुने फेरफार. त्याची सुट्टी संपायच्या आत नोंद मंजूर झाली नाही, तर पुढच्या सुनावणीला कोणी जायचं ते गावीच ठरवून या.